जमिनीखालचे ऋण

गेल्या उन्हाळ्याच्या अखेरीस, एका संध्याकाळी, उल्हासनगरच्या कॅम्प ५ मध्ये राहणारे सत्तरीकडे झुकलेले एक गृहस्थ आमच्याकडे आले आणि ओट्यावर बसले. ही भेट पापनिवेदनाची नव्हती, हे आरंभीच सांगितले पाहिजे. पापनिवेदनात जे ऐकले जाते ते लेखात येत नाही आणि इतरत्रही कोठे येत नाही. या गृहस्थांनी आपला प्रश्न चहाचा कप हातात धरून विचारला आणि निघताना म्हणाले, "नाव घालू नका, फादर, बाकी लिहिलेत तरी चालेल. माझ्यासारखे पुष्कळ असतील." म्हणून हा लेखनप्रपंच.

त्यांच्या मालकीचा एक लहानसा प्लॉट आहे. संगमनेर भागातून पोटापाण्यासाठी इकडे आल्यावर, काटकसर करून, तीस वर्षांपूर्वी त्यांनी तो एका गॅरेजवाल्याकडून विकत घेतला. त्या गॅरेजवाल्याने जमिनीत एक लोखंडी टाकी पुरली होती आणि तीत तो पेट्रोल साठवीत असे. परवान्याने की विनापरवाना, हे सांगणारा आता कोणी उरलेला नाही. टाकी गंजली, रिकामी झाली; आमच्या गृहस्थांनी ती राबिट भरून बुजवली आणि वर पत्र्याची शेड उभारली. पुढे नळाच्या पाण्याची ओढाताण वाढली तेव्हा त्यांनी बोअर घेतली. पावसाळ्यात पाणी बरे असे. मे महिन्यात मात्र बादलीतल्या पाण्यावर रंगीत तवंग दिसे आणि पेट्रोलचा वास येई. त्यांनी बोअरला झाकण लावले आणि विषयही झाकून टाकला.

आता प्लॉट विकायचा आहे. पत्नीच्या हृदयावर शस्त्रक्रिया करावयाची आहे आणि दुसरी कोणतीही पुंजी नाही. गिऱ्हाईकही मिळाले आहे: एक तरुण जोडपे, दोन लहान मुले. तेथे घर बांधण्याचा त्यांचा मनोदय आहे. 'बोअर आहे हे फार चांगले झाले,' असे ती मुलगी आनंदाने म्हणाली. ते वाक्य ऐकल्यापासून या गृहस्थांना झोप नाही.

"टाकी मी पुरली नाही, फादर. पेट्रोल मी सांडले नाही. मग मी नुसता गप्प बसलो, तर त्यात माझे पाप कोणते?"

आम्ही तत्काळ उत्तर दिले. आमच्या पेशातील माणसांना तत्काळ उत्तर देण्याची खोड असते. "खरे ते सांगून टाका," आम्ही म्हणालो, "पुढचे देव पाहील." ते किंचित हसले. म्हणाले, "देव पाहीलच, फादर. पण ऑपरेशनचे पैसे कोण पाहील?" आम्ही निरुत्तर झालो. ते गेले, आणि प्रश्न मात्र ओट्यावर बसून राहिला.

या प्रश्नाचा विचार करावयाचा तर जमिनीखाली काय घडते ते आधी समजून घेतले पाहिजे. कारण वस्तुस्थितीचे अज्ञान हा नीतिविचारातला सर्वांत सोयीचा आडोसा असतो.

पेट्रोल पाण्याहून हलके असते. मातीत झिरपत ते भूजलाच्या पातळीपर्यंत पोहोचते आणि त्या पाण्यावर तरंगते. पावसाळ्यात भूजल वर चढले की तेही वर चढते. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की तेही उतरते आणि उतरताना वाटेतील मातीच्या कणाकणाला चिकटून राहते. अशा रीतीने मुळात लहान असलेला डाग वर्षानुवर्षे जाड होत जातो. आमच्या गृहस्थांच्या बोअरला मे महिन्यातच वास का येई, याचा उलगडा येथे होतो. शिवाय आपल्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे. त्याच्यात पाणी वाळूतल्यासारखे सर्वत्र समान पसरत नाही; ते वरच्या मुरमात आणि खालच्या भेगांत राहते. भेग कोणत्या दिशेला गेली आहे ते वरून दिसत नाही. त्यामुळे एकाच्या प्लॉटातील टाकीचा वास त्याच्या सख्ख्या शेजाऱ्याच्या बोअरला येणार नाही, पण गल्लीपलीकडच्याच्या बोअरला येईल, असेही घडू शकते.

पेट्रोलमध्ये बेंझीन नावाचा एक घटक असतो. तो रक्ताचा कर्करोग घडवू शकतो, हे वैद्यकशास्त्राने निःसंशय मान्य केले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा एक लाखावा भाग, इतकी घालून दिली आहे. आपल्या देशात आज पेट्रोलमध्ये बेंझीन जास्तीत जास्त १ टक्का असू शकते. हिशेब करून पाहिला तर एका लिटर पेट्रोलमधील बेंझीन, ते सारे पाण्यात उतरले असे धरल्यास, साडेआठ लाख लिटरांहून अधिक पाणी त्या मर्यादेपर्यंत नेण्यास पुरेसे आहे. दहा हजार लिटरांचे सुमारे ८८ टँकर! आणि जुन्या टाकीतील पेट्रोलची आणखी एक गोष्ट आहे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच विकले जाऊ लागले; त्यापूर्वी सांडलेल्या पेट्रोलबरोबर शिसेही मातीत गेले असण्याचा संभव असतो. शिशाला ना जंतू खातात, ना काळ.

पाणी प्यायलो नाही म्हणजे सुटलो, असेही नाही. जमिनीतील पेट्रोलची वाफ मातीच्या पोकळ्यांतून वर येते आणि फरशीच्या फटींतून बंद खोलीत शिरते. ज्या घरात दोन मुले जमिनीवर खेळणार आहेत, त्या घराविषयी हे आम्ही लिहीत आहोत.

तेव्हा 'मी नुसता गप्प बसलो' या वाक्यातील 'नुसता' हा शब्द टिकत नाही. गिऱ्हाईक सनद पाहते, कराच्या पावत्या पाहते, शेजारीपाजारी चौकशी करते. जमिनीखाली काय आहे ते कोणत्याही कागदावर लिहिलेले नसते. जेथे जाणणारा एकटाच असतो, तेथे त्याचे मौन हे बोलणेच असते. नवल असे की, ही गोष्ट आपल्या देशाच्या कायद्याने फार पूर्वी ओळखली आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे ५५ वे कलम सांगते की, मालमत्तेतील जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्यास ठाऊक आहे, घेणाऱ्यास ठाऊक नाही आणि साधारण काळजी घेऊनही घेणाऱ्यास कळण्याजोगा नाही, तो विकणाऱ्याने उघड केला पाहिजे. दोष कोणी निर्माण केला, हे ते कलम विचारीत नाही.

येथपर्यंत मार्ग सरळ आहे. खरी अडचण पुढे आहे. सांगितले, मग स्वच्छ कोणी करावयाचे?

आधुनिक न्याय म्हणतो: ज्याने घाण केली त्याने भरावे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व फेब्रुवारी १९९६ मध्ये राजस्थानातील बिच्छरी गावाच्या खटल्यात ठामपणे मांडले. तेथील रासायनिक कारखान्यांच्या गाळातून विष झिरपले आणि गावोगावच्या विहिरींचे पाणी काळपट होऊन माणसांच्या व गुराढोरांच्या उपयोगाचे राहिले नाही. कारखानदारांनी शुद्धीकरणाचा खर्च द्यावा, असा निर्णय झाला. आणि मग? अर्जांमागून अर्ज करीत त्यांनी पंधरा वर्षे काढली. २०११ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला, सुमारे ३७ कोटी ३८ लाख रुपये, चक्रवाढ व्याजासह. तत्त्व एका दिवसात उच्चारता येते. विहीर मात्र त्या दिवसाची वाट पाहत काळीच राहते. भोपाळच्या कारखान्याच्या आवारात पडून असलेला विषारी कचरा तेथून हलवण्यास २०२५ साल उजाडले. १९८४ ची ती रात्र ज्यांनी पाहिली, त्यांची नातवंडे तोवर मोठी झाली होती.

आणि जेथे घाण करणारा मरून गेला आहे, परागंदा झाला आहे किंवा कफल्लक आहे, तेथे काय? जुलै २०२५ मध्ये केंद्र शासनाने प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनासाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. स्थळ हुडकणे, तपासणे, जबाबदार व्यक्ती ठरवणे आणि तिच्याकडून खर्च घेणे, असा त्यांचा क्रम आहे. जबाबदार व्यक्ती सापडत नसेल तर भार शासनावर येतो. हे योग्यच झाले. परंतु कॅम्प ५ मधील एका गल्लीत बुजवलेली एक टाकी कोणाच्या यादीत केव्हा येणार? तोपर्यंत त्या जमिनीचे उत्तरदायित्व कोणाकडे?

या ठिकाणी आम्हांस सेमिनरीतील एक जुना धडा आठवला. त्या वेळी तो आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. संत थॉमस अक्वायनस यांनी परतफेडीच्या कर्तव्याचा विचार करताना दोन मुळे वेगळी केली आहेत. एक मूळ कृतीत असते: ज्याने अन्यायाने घेतले त्याने परत करावे. दुसरे मूळ वस्तूतच असते: दुसऱ्याचे जे आहे ते ज्याच्या हाती आज आहे, त्याने ते परत करावे, मग ते त्याच्या हाती निर्दोषपणे आले असले तरीही. चोरीची घागर न कळत विकत घेणारा चोर नव्हे. पण ती चोरीची आहे असे कळल्यानंतरही जो ती ठेवून घेतो, त्याचे निर्दोषत्व त्या दिवशी संपते.

शेजाऱ्याचे शुद्ध पाणी ही शेजाऱ्याची वस्तू आहे. ती हिरावून घेणारे विष आज ज्याच्या जमिनीत आहे, त्याच्यावर काही ना काही ऋण आहेच. त्याने अपराध केलेला नाही. पण त्याच्याकडे उत्तरदायित्व आले आहे. अपराध आणि उत्तरदायित्व यांची आपण गल्लत करतो, म्हणूनच 'मी केले नाही' एवढे म्हटले की हात झटकता येतात असे आपणांस वाटते. वडिलांचे घर वारसाने घेणारा मुलगा वडिलांचे कर्ज आपले नव्हे असे म्हणू लागला, तर गाव त्याला काय म्हणेल, ते सांगावयास नको.

आणि उल्हासनगर हे तर वारशाचेच शहर आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणनजीक उभारलेली लष्करी छावणी. फाळणीनंतर तिच्या बराकींत येऊन राहिलेले सिंधी निर्वासित. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते बसलेली नगराची कोनशिला. सर्वस्व गमावून आलेल्यांनी कष्टाने येथे बाजारपेठ उभी केली. मागाहून आलेल्या आपणांस तिच्या सावलीत भाकरी मिळाली. पण त्याच श्रमांची दुसरी बाजू वालधुनीच्या पाण्यात दिसते. अंबरनाथच्या प्राचीन शिवालयाजवळून येणारी ही नदी आज नाला म्हणूनच ओळखली जाते. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिच्यात टँकरमधून रसायन सोडले गेले आणि काठावरच्या शंभराहून अधिक लोकांना श्वास कोंडून, उलट्या होऊन, रुग्णालयात न्यावे लागले. कॅम्प ५ मधील जीन्स धुलाईचे निळे पाणीही तिनेच वाहिले. 'वनशक्ती' या संस्थेने या नद्यांसाठी राष्ट्रीय हरित लवादात दाद मागितली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, धुलाईचे कारखाने बंद झाले, आणि अनेक घरांतील चूल थंडावली. ज्यांनी नफा घेतला आणि ज्यांची मजुरी बुडाली ते एकच नव्हते, हेही येथे नोंदवले पाहिजे.

आता शेवटचा आणि सर्वांत कठीण आक्षेप. त्या जमिनीचे शुद्धीकरण करावयाचे तर किती खर्च? शास्त्राने मार्ग शोधलेले आहेत. दूषित माती खणून काढता येते. जमिनीत छिद्रे पाडून, वाफ पंपाने ओढून घेता येते. भूजलात हवा फुंकून विरघळलेले पेट्रोल बाहेर काढता येते. पाणी उपसून सक्रिय कोळशातून गाळता येते. आणि एक मार्ग असा की मातीतील सूक्ष्म जंतूंनाच प्राणवायू व पोषण पुरवावे. हे जंतू पेट्रोल खातात आणि त्याचे पाणी व कार्बन डायऑक्साइड करून टाकतात. निर्मात्याने मातीत ही शक्ती ठेवली आहे, हे वाचून आम्हांस क्षणभर गहिवरून आले. पण यांपैकी बहुतेक उपायांचा खर्च त्या लहानशा प्लॉटाच्या किंमतीशी स्पर्धा करील. मग पत्नीच्या शस्त्रक्रियेचे काय?

नीतिशास्त्रातील एक जुने सूत्र असे आहे की, अशक्य ते कोणावरही बंधनकारक नसते. परंतु या सूत्राचा अर्थ 'सर्व अशक्य म्हणून काहीच नको' असा नव्हे. ऋण पूर्ण फेडता येत नसेल तर शक्य तेवढे फेडावे, आणि बाकीचे नाकारू नये. शुद्धीकरण त्या गृहस्थांच्या आवाक्यात नाही. पण खरे सांगणे आहे. बोअर पक्की बुजवणे आहे. शेजाऱ्यांना सावध करणे आहे. एखाद्या प्रयोगशाळेत पाणी तपासून घेणे, महापालिकेला व प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवणे, हेही आहे.

काही जण म्हणतील, निसर्ग आपोआप शुद्ध करतोच, थांबू या. हे अर्धसत्य आहे. तज्ज्ञही कधी कधी निसर्गावर सोडून देतात. पण ते थांबतात तेव्हा ठरावीक काळाने पाणी तपासत राहतात, विष पसरत नाही याची खात्री करून घेतात आणि तोवर ते पाणी कोणाला पिऊ देत नाहीत. आपण थांबतो तेव्हा झाकण लावून विसरून जातो. दोघेही बाहेरून स्वस्थच दिसतात. एकाच्या स्वस्थपणाला धीर म्हणतात, दुसऱ्याच्या स्वस्थपणाला बेपर्वाई.

शुभवर्तमानातील जक्कयाची गोष्ट आपण सारे जाणतो. प्रभू त्याच्या घरी आला तेव्हा जक्कय नुसता रडला नाही. त्याने आकडा सांगितला. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट. पश्चात्ताप हिशेबापर्यंत पोहोचला तेव्हाच त्या घरी तारण आले. प्रायश्चित्त संस्कारात आपण क्षमा मागतो आणि ती मिळतेही. पण क्षमा मिळाली म्हणून शेजाऱ्याची विहीर गोड होत नाही. ते काम संस्कारानंतर, कुदळ आणि पैसा घेऊन, करावयाचे उरतेच.

हे लिहीत असताना आम्हांस आमच्याच आवारातील एक कोपरा आठवला. वीज गेली की लागतो तो जनरेटर तेथे आहे. त्याचे काळे, जळके तेल बदलताना ते मागच्या भिंतीपाशी मातीत ओतून देण्याची येथे अनेक वर्षे पद्धत होती. आमच्या आधी होती आणि आमच्या डोळ्यांदेखतही चालू राहिली. 'माती पिऊन टाकते,' असे काम करणारा मुलगा म्हणे, आणि आम्ही प्रवचनाची टिपणे काढीत मान डोलावली असेल. मातीने प्यायले नव्हते. तेथे आजही गवत उगवत नाही. आता तेल पिंपात साठवून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे दिले जाते, आणि त्या कोपऱ्यातील माती तपासून घेण्याचे धर्मग्राम समितीने ठरवले आहे. त्या गृहस्थांना उपदेश करण्यापूर्वी हे आम्ही करावयास हवे होते.

आठवड्याभराने आम्ही स्वतः त्यांच्या घरी गेलो आणि वरील विचार आमच्या परीने सांगितले. त्यांच्या पत्नी आतल्या खाटेवरून ऐकत होत्या. नवरा काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "त्या पोरीला सांगून टाका हो. माझं काय ते बघू."

त्यांनी सांगितले. जोडप्याने इसारा परत नेला. त्या मुलीने जाताना आभार मानले, पण प्लॉट घेतला नाही, आणि ते बरोबरच होते. शेजाऱ्यांपैकी दोघे चिडले; आमच्या जागेचे भाव पाडलेत, असे म्हणाले. एका वृद्ध सिंधी बाईंनी मात्र त्याच दिवशी आपल्या बोअरचे पाणी स्वयंपाकाला वापरणे बंद केले. अर्ज महापालिकेत आणि मंडळात दिला आहे. पोच मिळाली आहे. शस्त्रक्रिया झाली. धर्मग्रामातील काही कुटुंबांनी हातभार लावला, बाकीचे कर्ज आहे. प्लॉट अजून विकला गेलेला नाही.

तेव्हा, प्रिय वाचकहो, हा प्रश्न आता त्या गृहस्थांचा राहिलेला नाही. त्यांनी आपल्या वाट्याचे फेडले, आणि ते फेडताना ते एकटे पडले. खरे बोलण्याची किंमत खरे बोलणाऱ्याने एकट्यानेच मोजावी, असे आपण ठरवले तर पुढचा माणूस झाकण उघडणार नाही. आणि त्याला दोष देण्याचा अधिकार आपणांस उरणार नाही. आपल्या धर्मग्रामातही जुनी गॅरेजे आहेत, बंद पडलेल्या कारखान्यांच्या जागा आहेत, आपलीच मुले रंगाच्या आणि रसायनांच्या कामावर जातात. पुढील महिन्याच्या पहिल्या रविवारी, मिस्सानंतर, सभागृहात बसून आपापल्या बोअरची यादी करू या. कोणाच्या पाण्याला वास येतो, ते एकमेकांना सांगू या. तपासणीचा खर्च सर्वांनी मिळून करू. आमच्या आवारातील मातीचा अहवाल तोवर आला, तर आरंभ त्याच्याच वाचनाने होईल.